कॅमेरा घेण्याआधी मी माझेच फोटो मोजले

२०१९ मध्ये मी हप्त्यांवर सत्तर-दोनशे, म्हणजे ७० ते २०० मिमीची झूम लेन्स घेतली. फोटोग्राफीत नसलेल्यांसाठी सांगते, लग्नात स्टेजसमोर फोटोग्राफरच्या हातात जी लांब पांढरी लेन्स दिसते, ती ही. कॅननची, एफ २.८ ची (हा आकडा छिद्राचा, जितका लहान तितका उजेड जास्त), वजन १,४९० ग्रॅम. नाशिकमध्ये त्या वेळी ज्यांच्या कामाचं नाव होतं, त्या सगळ्यांकडे ती होती. लॉन्सवर ऑर्डर असली की पार्टी आधी बॅगेकडे बघते आणि मग अल्बमकडे, असं मला अनुभवी मंडळींनी सांगितलं होतं आणि मला ते पटलंही होतं.

लेन्स उत्तमच होती. वरमाला पडतानाचा क्षण, मागे धूसर झालेले दिवे, चेहरा लख्ख. पार्टी खूश व्हायची. पण रात्री घरी येऊन फोटो चाळायला बसले की वाटायचं, हे कुणीही काढले असते. जिथे उभं राहायचं तिथेच मी उभी होते आणि लेन्सने तिचं काम केलं होतं.

मग पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात हळदीची ऑर्डर आली. माजघर जेमतेम दहा बाय दहाचं, त्यात पंधरा बायका. जात्याला आंब्याची पानं बांधलेली, नवरीची आजी खुंट्याला हात लावून ओवी म्हणतेय, आणि उजेड एका झरोक्यातून येईल तेवढाच. माझी बॉडी क्रॉप सेन्सरची, म्हणजे लहान सेन्सरची, तिच्यावर सत्तरची लेन्स एकशे बारासारखी, आणखी जवळचं दाखवत वागते. भिंतीला पाठ टेकवली तरी आजींचा फक्त कान येत होता. एक काकू म्हणाल्या, “अगं, बस की इथे, केवढं लांबून काढतेस!” मी लांबडी लेन्स काढून कोपऱ्यात ठेवली आणि खिशातली २४ ची पॅनकेक, म्हणजे चपटी छोटी लेन्स लावली. जुनी म्हणून स्वस्तात घेतलेली, १२५ ग्रॅमची, बिस्किटाच्या पुड्याहून लहान. जात्याशेजारी मांडी घालून बसले.

त्या तासाभरातले फोटो आजही माझ्या पहिल्या दहांत आहेत. त्यांत दोष भरपूर. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० वर गेलेला, त्यामुळे सावल्यांत रवाळपणा, दोन फोटोंत आजींचा हात हललेला. पण त्यांत मी आहे हे मला कळतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर लग्नं सुरू व्हायच्या आधी मी एक काम केलं. पाच वर्षांच्या फोटोंमधून फक्त १२० निवडले. पार्टीला आवडलेले किंवा जास्त लाइक मिळालेले नव्हे, तर उद्या कुणी पैसे न देता भिंतीवर लावायला सांगितले तर मी स्वतः लावीन असे. निवडायलाच आठ दिवस गेले. मग प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये जी माहिती आपोआप नोंदलेली असते, ती वहीत उतरवली: फोकल लेंथ, छिद्र, शटर, आयएसओ. शेवटचा एक रकाना मी माझा वाढवला, ‘माणसापासून अंतर, अंदाजे पावलांत’.

१२० पैकी ८१ फोटो तीन पावलांच्या आतले निघाले. सत्तर-दोनशेचे फक्त ११. निम्म्याहून जास्त फोटोंत आयएसओ ३२०० च्या वर आणि शटर १/१२५ पेक्षा मंद. हप्ते ज्या लेन्सचे चालू होते, ती माझ्या आवडीच्या कामात जवळजवळ नव्हतीच.

असं मोजायला बसणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. झूमने काढलेल्या फोटोंत दोन्ही टोकांचे आकडे खोटं बोलतात. माझ्या सुरुवातीच्या १८-५५ वर १८ चे ढीगभर फोटो होते, म्हणजे मला १८ आवडते असं नव्हे, रिंग तिथे संपत होती इतकंच. म्हणून मी मधल्या आकड्यांवर आणि प्राइमवर, म्हणजे झूम नसलेल्या लेन्सवर, जास्त विसंबले. अंतराचा रकाना तर आठवणीवरच भरला, पण सगळ्यांत उपयोगी तोच ठरला.

वही घेऊन मी काकांकडे गेले. रविवार कारंजाजवळ त्यांचा स्टुडिओ होता, तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. माझ्या आईवडिलांच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेले. त्यांचा याशिका ६३५ अजून कपाटात आहे, वर-खाली दोन भिंगांचा, एका रोलवर बारा चौकोनी फोटो देणारा. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली. मी विचारलं, “काका, आता कुठली कंपनी घेऊ?”

“कंपनीचं नंतर बघू,” ते म्हणाले आणि याशिका माझ्या गळ्यात अडकवला. “बघ आत. मान खाली गेली ना? आता समोरच्याला तुझा चेहरा दिसतोय. डोळ्याला कॅमेरा लावलास की तो झाकतो. तुला माणसाजवळ बसायचंय, तर तू त्याला दिसायला हवीस.”

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातातला रोलिफ्लेक्स कॅमेरा मी कितीदा फोटोंत पाहिला होता. तोही असाच, छातीशी धरून वरून बघायचा. पण त्या धरण्यामुळे समोरच्या माणसाशी असलेलं नातं बदलतं, हे मला त्या दिवशी गळ्यात वजन पडल्यावर समजलं. वहीत मी पहिली अट लिहिली: स्क्रीन उचलता आली पाहिजे, छातीशी धरून काढता आलं पाहिजे. बाकीच्या अटी त्यामागून आल्या. दृष्टीचा कोन त्या २४ च्या पॅनकेकचाच, म्हणजे मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवर ३५ च्या आसपास. उजेड जास्त पकडणारी लेन्स. शटरचा आवाज नको. आणि सगळं मिळून एका किलोच्या आत, कारण माझा उजवा खांदा त्या वर्षी दोनदा दुखून आला होता.

उजेडाचा हिशेब मी कागदावर मांडला. एफ २.८ ऐवजी एफ १.८ घेतलं तर सेन्सरवर दुपटीहून जास्त, सुमारे २.४ पट उजेड पडतो. त्यात फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ माझ्या क्रॉपच्या सुमारे अडीच पट. माजघरातला आयएसओ ६४०० चा फोटो २५०० च्या आसपास निघाला असता आणि रवाळपणा त्याहूनही कमी दिसला असता. आजींचा हात हलू द्यायचा की थांबवायचा, हे मग मला ठरवता आलं असतं.

पण कागदावरच्या हिशेबावर एकदा फसले होते, म्हणून या वेळी आधी भाड्याने आणून बघायचं ठरवलं. तीन शनिवार-रविवार तीन वेगवेगळ्या बॉडी आणल्या आणि प्रत्येक वेळी त्याच तीन जागी गेले. सकाळी रामकुंड, दुपारी जुनी तांबट गल्ली, संध्याकाळी मावशीच्या घरी देवघरात दिवा लागताना.

तांबट गल्लीने रंगांची परीक्षा घेतली. दारातून येणारा उजेड हंड्यावर पडला की तांबं दर ठोक्याला वेगळं दिसतं, कधी गुलाबी, कधी जवळजवळ केशरी. एका बॉडीच्या जेपेगमध्ये ते सरसकट नारिंगी झालं, दुसरीत पितळेसारखं. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाईलमध्ये, ते सुधारता येतं, पण चार हजार फोटोंच्या लग्नात प्रत्येक फोटोत हळदीचा पिवळा दुरुस्त करत बसणं म्हणजे काय, ते मी भोगलंय. घण पडत असताना शटरचा आवाज तिथे कुणाला ऐकूही येत नव्हता.

देवघरात उलट. मावशी स्तोत्र म्हणत होती आणि आरशाच्या बॉडीचा खटका मला स्वतःलाच नको झाला. दुसऱ्या आठवड्यात मिररलेसचं, म्हणजे आरसा नसलेल्या बॉडीचं, आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, तर फोटोंवर आडवे काळपट पट्टे आले. मला वाटलं बॉडी बिघडली. काकांना फोन केला, मग वाचून काढलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, त्यामुळे काही ओळी उजळ क्षणी वाचल्या जातात, काही मंद क्षणी. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे जवळजवळ जातात. समईच्या उजेडात हा प्रश्नच येत नाही. तेव्हापासून घरातल्या कुठल्याही कार्याला मी आधी वर बघते, दिवा कुठला आहे ते.

रामकुंडावरचं सांगायला मला जड जातं. सत्तर-दोनशे नवीन होती तेव्हा मी समोरच्या काठावरून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो काढला होता. अस्थी सोडून झाल्यावर ते रिकामा कलश धुत होते, पुन्हा पुन्हा. फोटो म्हणून तो चांगला आहे. त्यांना मी दिसले नव्हते, त्यांना कधी कळलंही नाही. तो फोटो मी कुणालाच दाखवलेला नाही आणि १२० मध्येही घेतला नाही. भाड्याची ३५ घेऊन त्याच घाटावर गेले तेव्हा प्रत्येकापाशी जाऊन आधी बोलावं लागलं. काहींनी नको म्हटलं, मी कॅमेरा खाली ठेवला. एक ताई म्हणाल्या, “काढा, पण आईचं नाव लिहून घ्या.” पूर्ण सकाळ गेली आणि सहा फोटो मिळाले. सहाही माझे होते.

यावरून लांब लेन्स वाईट असं कुणी समजू नये. माझा एक मित्र दर हिवाळ्यात पहाटे चारला निघून नांदूरमध्यमेश्वरला जातो. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथलं ते पाणथळ, २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. त्याच्या १५०-६०० ने तो पक्ष्याला न उठवता पक्षी टिपतो. तिथे दूर राहण्यातच माया आहे. तिथे माझी ३५ घेऊन जवळ जायचं म्हणजे अख्खा थवा उडवायचा. तो त्याच्या अंतरावर बरोबर आहे, मला माझं सापडायला वेळ लागला.

खरेदीला मी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेले. सीएसएमटीला उतरून चालत बोरा बाजार. जुनी लेन्स घ्यावी म्हणून एका दुकानात बघितली, भाव चांगला होता. काकांनी शिकवल्याप्रमाणे मागून टॉर्च मारला तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळीसारखे धागे, फंगस. दुकानदार म्हणाला फोटोत येत नाही. आज येत नसेल, पण इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात काम करणाऱ्या माणसाने असली लेन्स घरात आणली तर शेजारच्या लेन्सनाही धोका. दिवसभर फिरून शेवटी बॉडी आणि ३५ दोन्ही नवीनच घेतलं. सोनीची ए७ थ्री, बॅटरीसकट ६५० ग्रॅम, आणि ३५ एफ १.८, २८० ग्रॅम. किलोच्या आत बसलं. ८५ ची लेन्स सहा महिन्यांनी घेतली, विदाईच्या वेळी नवरीच्या आईच्या अगदी तोंडापाशी जाऊ नये म्हणून.

महिनाभर मी नवीन कॅमेऱ्याने एकही ऑर्डर केली नाही, फक्त मावशीचं देवघर काढलं. काका म्हणाले, आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि पैसे लावणाऱ्याला पटवायला आधी काय टिपलं, तर वाटाण्याच्या बीपासून वाढणारा वेल, रोज थोडा थोडा. माझ्याही हाताला बटणं न बघता सापडू लागली ती त्या महिन्यातच.

सत्तर-दोनशे मी एका तरुण मुलाला विकली. तो कालिदास कलामंदिरात नाटकांचे आणि नृत्याचे फोटो काढतो. मागच्या रांगेतून, प्रेक्षकांच्या आड न येता, स्टेजवरचा चेहरा त्याला हवा असतो. त्याने पहिल्याच आठवड्यात मला एका कथक नर्तिकेचा फोटो पाठवला. गिरकीत डोळे स्थिर, घुंगरू धूसर. ती लेन्स माझ्याकडे असताना असा फोटो तिने एकदाही दिला नव्हता. मोठ्या लॉन्सवरचं लग्न असलं की मी एक दिवसासाठी सत्तर-दोनशे भाड्याने आणते, बहुतेक त्याच्याकडूनच.

आता रंगपंचमी येतेय आणि रहाडीचा, म्हणजे रंगीत पाण्याने भरलेल्या आमच्या जुन्या हौदाचा, प्रश्न सुटायचाय. तांबट गल्लीतली रहाड खुली झाली की धप्पा, म्हणजे आत उडी, मारणाऱ्यांच्या उडालेल्या रंगीत पाण्यात अख्खी गल्ली न्हाते आणि मला काठावरच उभं राहायचंय, वरच्या गच्चीतून नव्हे. माझी बॉडी एवढं पाणी सोसेल याची मला खात्री नाही. काका म्हणताहेत जुनी क्रॉप बॉडी आणि ती पॅनकेक प्लास्टिकमध्ये बांधून ने. गेल्या रविवारी घरी बादलीवर करून बघितलं, काचेवर वाफ धरते. या रविवारी दुसऱ्या पिशवीने बघणार आहे, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून.