पोर्टलंड न सोडलेला बँड

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंडला यायचं ठरलं तेव्हा इथल्या पावसाबद्दल प्रत्येकानं सांगितलं, पिंक मार्टिनीबद्दल कोणीच बोललं नाही. हा बँड इथं आल्यावर हळूहळू कानावर पडत गेला. दातांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघताना, जुन्या पुस्तकांच्या दुकानात, शेजारच्या बाईंच्या स्वयंपाकघरात. एक गाणं फ्रेंच, पुढचं स्पॅनिश, मग जपानी, मग क्रोएशियन. मागे कधी रुंबाचा ठेका, कधी व्हायोलिनांचा अख्खा ताफा, मध्येच जॅझचा पियानो. मला वाटायचं, कोणीतरी देशोदेशीची गाणी निवडून लावली आहेत. शेजारच्या बाईंनी सांगितलं की हे सगळं एकाच बँडचं आहे आणि तो बँड याच गावचा आहे. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो बघूनच मी या लोकांची माहिती काढायला लागले.

आणि निघालं काय, तर हा बँड राजकारणातून जन्माला आला आहे! थॉमस लॉडरडेल हा त्याचा संस्थापक आणि पियानोवादक. इंडियानातल्या एका खेड्यात आईवडिलांची रोपवाटिका होती, तिथं तो वाढला. आईवडिलांनी वेगवेगळ्या वंशांची मुलं दत्तक घेतली होती, त्यांतला हा एक. १९८२ साली कुटुंब पोर्टलंडला आलं. हार्वर्डला इतिहास आणि साहित्य शिकून तो परत आला आणि शहराच्या राजकारणात काम करू लागला. पुढेमागे महापौर व्हायचं हे त्याच्या मनात पक्कं होतं. त्यामुळे ग्रंथालयं, बागा, पर्यावरण, परवडणारी घरं, अशा कुठल्याही कामासाठी निधी गोळा करायचा कार्यक्रम असला की हा हजर. तिथलं संगीत मात्र त्याला अजिबात पटेना. कर्कश, आणि इतकं मोठ्यानं की शेजारी बसलेल्या माणसाशी दोन शब्द बोलणं अवघड.

१९९४ साली ओरेगनमध्ये एक सार्वमत होऊ घातलं होतं. समलिंगी लोकांना भेदभावापासून कायद्याचं संरक्षण मिळू नये, अशी तरतूद त्यात होती. तिच्या विरोधात लॉडरडेलनं डेल रुबियो ट्रिप्लेट्स या तिळ्या बहिणींना पोर्टलंडला बोलावलं. वय झालेल्या या तिघी तोकडे झगे घालून गिटारवर गायच्या. त्यांच्या आधी वाजवायला कोणीतरी हवं होतं, म्हणून लॉडरडेलनं घाईघाईत चार वादक जमवले. तोच पिंक मार्टिनीचा पहिला कार्यक्रम. ते सार्वमत नोव्हेंबरमध्ये थोडक्या मतांनी फेटाळलं गेलं. महापौरपद राहून गेलं, बँड मात्र राहिला.

वर्षभरानं त्यानं न्यूयॉर्कला फोन करून चायना फोर्ब्सला बोलावून घेतलं. ती त्याची हार्वर्डची मैत्रीण. दोघं रात्री उशिरा वसतिगृहाच्या खालच्या दिवाणखान्यात शिरायची, तो पियानोवर बसायचा आणि ती पुच्चिनी-व्हर्दीच्या ऑपेरातली पदं गायची. दोघांनी मिळून लिहिलेलं पहिलं गाणं म्हणजे ‘सिंपाथिक’. सुरुवातीचे शब्द गियोम अपोलिनेर या फ्रेंच कवीच्या एका छोट्या कवितेवरून घेतलेले आहेत, आणि धृपदात गाणारी सांगते की मला काम करायचं नाही, मला जेवायचंही नाही. १९९७ साली याच नावाचा अल्बम आला. गाणं फ्रान्समध्ये इतकं चाललं की तिथल्या संपावरच्या कामगारांनी ते धृपद उचललं. ओरेगनमधल्या दोन तरुणांनी लिहिलेलं फ्रेंच गाणं फ्रेंच लोक मोर्चात म्हणतात, यापेक्षा मोठी दाद काय असणार?

आता मला खरं सांगायचं आहे ते पुढचं. असं यश मिळाल्यावर कोणीही काय केलं असतं? मोठ्या कंपनीशी करार, मग लॉस एंजेलिस किंवा न्यूयॉर्क. यांनी पोर्टलंडमध्येच स्वतःची कंपनी ठेवली. तिचं नाव हाइन्झ रेकॉर्ड्स, लॉडरडेलच्या कुत्र्याच्या नावावरून. पुढचे अल्बमही तिथूनच निघाले. बँडच्या म्हणण्याप्रमाणे आजवर जगभरात त्यांच्या ३० लाखांहून जास्त प्रती खपल्या आहेत.

हे बोलायला सोपं आहे. बँडमध्ये डझनभर माणसं. पियानो, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, चेलो, बास, दोन-तीन जण तालवाद्यांवर. चार जणांच्या रॉक बँडसारखं एका गाडीत सामान टाकून निघता येत नाही. प्रत्येकाचं तिकीट, खोली, मानधन. मोठी कंपनी असती तर तिनं पहिल्या दिवशी माणसं कमी करा म्हटलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजीतच गा म्हटलं असतं. यांनी वेगळी वाट धरली. १९९८ साली ओरेगन सिंफनीबरोबर पहिल्यांदा वाजवलं आणि मग गावोगावच्या सिंफनी ऑर्केस्ट्रांबरोबर कार्यक्रम करण्याचा पायंडाच पडला. ऑर्केस्ट्राला नवा श्रोता मिळतो, बँडला ठरलेली बिदागी आणि साठ-सत्तर वादकांची साथ. शिवाय घाई करणारं वर कोणी नाही. पहिला अल्बम १९९७ चा, दुसरा थेट २००४ चा! सात वर्षं गप्प बसलेल्या नव्या बँडला कुठल्या कंपनीनं सांभाळून घेतलं असतं?

त्या दुसऱ्या अल्बमवर माझा विशेष जीव आहे. ‘हँग ऑन लिटल टोमॅटो’ हे त्याचं नाव १९६४ सालच्या एका मासिकातल्या केचपच्या जाहिरातीवरून सुचलं. नावाच्या गाण्यात क्लॅरिनेट आहे तो नॉर्मन लेडन यांचा. हे गृहस्थ १९१७ चे. दुसऱ्या महायुद्धात ग्लेन मिलर या अमेरिकी बँडप्रमुखाच्या हवाई दलाच्या बँडसाठी संगीतरचना करणारे, नंतर ओरेगन सिंफनीच्या हलक्याफुलक्या संगीताच्या कार्यक्रमांचे कंडक्टर. वय पंच्याऐंशीच्या पुढे. हेडफोन लावून ऐका. गाणं अगदी साधं, धीर धर असं सांगणारं, आणि क्लॅरिनेट त्याच्या बाजूनं असा सावकाश चालतो की कुठेही आपली हुशारी दाखवत नाही. एक सूर जरा लांबवायचा, मग गाणारीला जागा करून द्यायची. इतक्या वर्षांचा अनुभव कशाला म्हणतात ते त्या काही सेकंदांत कळतं.

मराठी कानाला हा बँड परका वाटत नाही याचं कारण मला सापडलं आहे. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५० साली ‘समाधी’ चित्रपटात ‘गोरे गोरे’ची चाल लॅटिन नाचाच्या एका गाण्यावरून बांधली. त्यांच्या हाताखाली ट्रंपेट वाजवणारे चिक चॉकलेट म्हणजे मूळचे गोव्याच्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारे गोवेकर वादक दिवसा स्टुडिओत हिंदी गाण्यांना साज चढवत होते. रुंबा, वॉल्ट्झ, जॅझ आणि आपला ठेका हे सगळं एका गाण्यात नांदू शकतं, हे आपल्या आजी-आजोबांनी रेडिओवर ऐकून ठेवलेलं आहे. लॉडरडेल म्हणतो की १९६२ साली संयुक्त राष्ट्रसंघाचा स्वतःचा बँड असता तर तो आमच्यासारखा असता. माझ्या मते तसला एक बँड तेव्हा मुंबईत रोज कामाला जात होता.

बँडची माणसं कशी जमत गेली तेही बघा. २०११ मध्ये चायना फोर्ब्सच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तिच्या जागी आली स्टॉर्म लार्ज, पोर्टलंडच्या क्लबांत रॉक गाणारी बाई. चायना बरी होऊन परतली तरी स्टॉर्म राहिलीच, आता दोघी गातात. त्याच वर्षीचा ‘१९६९’ हा अल्बम जपानी गायिका साओरी युकी यांच्याबरोबर केला, कारण लॉडरडेलला पोर्टलंडच्या एका दुकानात त्यांची जुनी रेकॉर्ड सापडली होती. एनपीआर या अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओवर २०२५ पर्यंत असलेला बातमीदार आरी शापिरो २००९ पासून अधूनमधून त्यांच्याबरोबर गातो, आणि तो वाढला शेजारच्या बीव्हरटनमध्ये, म्हणजे जिथं आमची निम्मी मराठी मंडळी राहतात तिथं. ज्या कुटुंबावर ‘साउंड ऑफ म्युझिक’ बेतला, त्या फॉन ट्राप घराण्याची चार पणतवंडं पोर्टलंडला राहायला आली, तर त्यांच्यासोबत २०१४ मध्ये अल्बम. २०१६ च्या ‘जे दी वी’मध्ये आठ भाषा आहेत, फारसी, अर्मेनियन, अरबी, तुर्की, खोसा धरून. त्यात कॅथलीन सादात गातात. त्या पोर्टलंडच्या नागरी हक्कांच्या चळवळीतल्या ज्येष्ठ कार्यकर्त्या, व्यवसायानं गायिका नव्हेतच. त्यांचा आवाज ऐकून लॉडरडेलनं पुढे २०१८ मध्ये त्यांच्यासोबत अख्खा अल्बम केला. १९९४ च्या त्या निधीसंकलनाच्या कार्यक्रमांचा धागा इथपर्यंत येतो.

थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणाच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या पायोनियर कोर्टहाउस चौकात नाताळाचं मोठं फरचं झाड दिव्यांनी उजळतात. चौकाची फरशी विटांची आहे आणि विटांवर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत. गावकरी या चौकाला शहराचा दिवाणखाना म्हणतात. मी गेले तेव्हा पाऊस पडत होता आणि तरी हजारो माणसं उभी होती. मंचावर पिंक मार्टिनी, समोर रेनकोटातली गर्दी गातेय, लॉडरडेल पियानोवरून उठून हात उंचावून लोकांना अजून मोठ्यानं गा म्हणतोय. माझ्या शेजारचे आजोबा बेसूर पण जोरात गात होते, आणि शब्द येत नसल्यामुळे मी गप्प आहे हे बघून त्यांनी आपल्या हातातला ओला कागद माझ्यापुढे धरला. परदेशात आल्यापासून मी एवढ्या मोठ्या गर्दीत पहिल्यांदाच गायले.

नाताळासाठी त्यांचा २०१० चा ‘जॉय टू द वर्ल्ड’ हा अल्बम आहे. त्यात हिब्रू, युक्रेनियन, जपानी गाणी आणि चिनी नववर्षाचं गाणंसुद्धा आहे. पण सुरुवात त्यानं करू नका. आधी ‘सिंपाथिक’ ऐका, मग २००४ चा टोमॅटोवाला अल्बम सलग, त्यातलं क्रोएशियन गाणंही न गाळता. आवडला तर मला जरूर कळवा, आणि तुमच्या घरी चिक चॉकलेटच्या काळातल्या जुन्या तबकड्या असतील तर त्यांचीही नावं पाठवा, मला शेजारच्या बाईंना ऐकवायच्या आहेत.