डायल विझले, रेडियम चालूच

आमच्या भंगार यार्डात प्रत्येक ट्रक काट्यावर चढायच्या आधी दोन उंच खांबांमधून जातो, त्या खांबांत रेडिएशन डिटेक्टर आहेत आणि माझी ड्युटी शेजारच्या केबिनमध्ये. अलार्म तसा अधूनमधून वाजतोच, कधी भट्टीच्या विटा, कधी पाइपात साठलेले क्षार (दोन्हींत मुळातच किंचित किरणोत्सर्ग असतो), एखाद्या वेळी तर हॉस्पिटलात किरणोत्सर्गी औषध टोचून स्कॅन करून आलेला ड्रायव्हरच. त्यामुळे त्या दिवशी मिक्स अॅल्युमिनियमची गाडी वाजली तेव्हा मी आधी ड्रायव्हरलाच खाली उतरवलं. तरी वाजली. परत फिरवून घेतली तरी तेच, आकडा बरोबर मागच्या डाव्या कोपऱ्यापाशी चढायचा.

गाडी बाजूला लावली, हातातला मीटर घेऊन वरचा माल हळूहळू काढत गेलो, तर खाली एक पोतं आणि पोत्यात गोल गोल गेज. अल्टिमीटर, कंपास, आणखी काय काय, सगळी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची. काळी तबकडी, आकड्यांवर आणि काट्यावर जाडसर रंग, तो रंग आता पिवळट तपकिरी झालेला, एका काचेच्या आत त्याचे पोपडे सुटून तळाशी भुगा पडलेला. हेल्परने एक उचलून ओंजळीच्या अंधारात धरलं आणि म्हणाला, साहेब, हे तर चमकतच नाय, मेलंय. मी ओरडलोच त्याच्यावर, ठेव आधी खाली!

गंमत अशी की त्या रंगात झिंक सल्फाइड आणि किरणोत्सर्गी रेडियम मिसळलेलं असतं, चमकतं ते झिंक सल्फाइड, रेडियम त्याला फक्त ढोसत राहतं. ते झिंक सल्फाइड मार खाऊन काही वर्षांत थकतं आणि डायल विझतो, पण रेडियमचं अर्धआयुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, 1600 वर्षं, म्हणून महायुद्धापासून आजपर्यंत त्यातलं जेमतेम तीन-साडेतीन टक्के कमी झालं असेल. काच शाबूत आहे तोवर ठीक, खरी भीती त्या भुग्याची, फुटलेल्या गेजमधला श्वासातून आत गेला की बसला.

आता ही गेज इतकी वर्षं बाहेर राहिली कशी, तर युद्ध संपल्यावर जे झालं ते बघा. अमेरिकेत अॅरिझोनातल्या किंगमनला पाच हजारांवर विमानं आणून उभी केली, इंजिनं नि उपयोगाचे पार्ट काढले, बाकी धड कापून भट्टीत, त्याच्या अॅल्युमिनियमच्या लाद्या. वानुआतूच्या एस्पिरितू सांतो बेटावर तर ट्रक, बुलडोझर सरळ समुद्रात ढकलले, त्या जागेला आजही मिलियन डॉलर पॉइंट म्हणतात. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या मधल्या ब्यूफोर्ट डाइकमध्ये दहा लाख टनांहून जास्त दारूगोळा टाकलाय. उलट डकोटा विमानं पुढे कित्येक वर्षं प्रवासी वाहत होती, आणि ब्रिटिश जाताना कानपूरला मोडून टाकून गेलेले लिबरेटर बॉम्बर एचएएल या आपल्या विमान कारखान्याने उभे केले, ते आपल्या हवाई दलात 1968 पर्यंत उडाले. (मला हा किस्सा सगळ्यात आवडतो.) किरकोळ माल, म्हणजे गेज, रेडिओ, बूट, तंबू, सरप्लसच्या दुकानांतून हौशी लोकांकडे गेला, आणि मला विचाराल तर बुडवलेल्या तोफांपेक्षा हा विखुरलेला माल जास्त डोकेदुखीचा, कारण त्याची यादी कुणाकडेच नसते.

याचं उलटंही आहे. 1919 साली जर्मनांनी स्कॉटलंडच्या स्कापा फ्लो खाडीत स्वतःच बुडवलेल्या युद्धनौकांचं पोलाद संवेदनशील रेडिएशन उपकरणांना वापरलं गेलं, कारण ते अणुचाचण्यांच्या आधीचं, हवेतल्या किरणोत्सर्गापासून वाचलेलं.

आम्ही पोतं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ड्रममध्ये बंद केलं, भोवती दोरी बांधली, रीतसर कळवलं, हेल्परचे हात धुवून मीटर फिरवला, क्लीन आला. व्यापारी मात्र फोनवर तापला, म्हणे काचेची गेज आहेत, त्यात कसलं आलंय रेडिएशन, तुम्ही वजन कापायला बहाणे करता. एका जुन्या संग्राहकाचं गोडाऊन त्याने घाऊक घेतलं होतं. मी सगळं नीट समजावलं, मग बराच वेळ गप्प राहून त्याने विचारलं, अजून दोन पोती घरात जिन्याखाली आहेत, ती तुम्ही येऊन नेणार का मी पाठवू. म्हटलं हात लावू नका, घरच्यांना तिकडे जाऊ देऊ नका, माणसं येतायत. तर लगेच पुढचा प्रश्न, बरं, मग बाकीच्या अॅल्युमिनियमचं बिल आज होईल ना?