मागील दारचे झाड

२८ एप्रिल

"हे काढून टाकू का?" असे आज माळीदादांनी विचारले आणि मी उत्तर न देता झाडाकडेच पाहत राहिले. न्हाणीच्या सांडपाण्यावर, कुणी न लावता, चार-पाच वर्षांत ते माझ्या डोक्याच्या वर गेले, तरी त्याचे नाव मला सांगता येत नव्हते. आत्या असती तर तिने पान नुसते बोटांत धरून सांगितले असते. आता विचारायचे तरी कुणाला, या विचाराने उगीचच घसा दाटून आला.

मी प्रयत्न केले नाहीत असे नाही. रुंद, गोलसर पाने पाहून आधी उंबर वाटला, पण देठ मोडल्यावर चीक आला नाही. साग म्हणावा, तर सागाची पाने समोरासमोर येतात आणि कोवळे पान चुरडले की बोटे तांबडी होतात. इथे पाने एकाआड एक आणि बोटे हिरवी. मोबाइलने एकाच झाडाच्या तीन फोटोंना तीन नावे दिली. झाड आपल्या दारात आणि नाव दुसऱ्याने सांगायचे, ही बोच दिवसभर गेली नाही.

संध्याकाळी कुंपणापलीकडून बेन म्हणाल्या, "अरे, तुमच्याकडे गुंदा आहे!" गुंदा म्हणजे काय, हे विचारायची लाज वाटून मी जाणत्यासारखी मान हलवली. त्या आत गेल्यावर घोसातले एक हिरवे फळ तोडून पाहिले. लहानशा वाटीसारख्या टोपणात बसलेले. ठेचले तर आत एकच बी आणि भोवती तार सुटणारा बुळबुळीत गर.

भोकर! याच्याच पिकल्या फळाने आम्ही पतंगाचे कागद चिकटवत होतो. याचेच कैरी घातलेले लोणचे मी वर्षानुवर्षे मागून मागून खाल्ले. झाड मात्र ओळखता आले नाही, कारण भोकर माझ्यापर्यंत नेहमी तोडून, बी काढून, मुरवून, थेट ताटातच आले होते. म्हणजे आत्याने शिकवले नाही असे नव्हे; ती निवडायला बसली की मी उठून जात असे.

बेनना निम्मी भोकरे द्यावी लागतील आणि लोणच्याची कृतीही बहुधा त्यांनाच विचारावी लागेल. झाड राहू द्या, असे माळीदादांना अजून कळवायचे आहे. पण मिठाच्या बोटांनी बिया काढूनही हात इतके बरबटले आहेत की फोन धरवत नाही, आणि हे लिहिताना वहीचे पानही तळव्याला चिकटून वर येते आहे.