मानकुराद आणि जायो : आमची वाटचाल

गोव्यातल्या म्हार्दोळच्या माणसाला जायो म्हणजे जाईची फुलं हे सांगावं लागत नाही. पावसाळ्यात म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा असते तेव्हा सगळीकडे घमघमाट, आणि आई रात्री केसातली फाती, म्हणजे गजरा, काढून उशीपाशी ठेवायची तो वास सकाळपर्यंत खोलीत असायचा. मला तोच वास परफ्यूमच्या बाटलीत हवा होता, बिझनेस प्लॅन वगैरे काही नव्हता. त्यात मानकुराद आंबा घालायची आयडिया मिस्टरांची. आंबे संपत येतात तेव्हा कुठे जायांचा सीझन सुरू होतो, दोघांची गाठ पडतच नाही, तर बाटलीत तरी पडू दे म्हणाले.

पण जाई उकळून तिचा वास निघत नाही, नाजूक फूल, उष्णतेने बिघडतं, सॉल्व्हंटने काढलेलं अॅब्सोल्यूट, म्हणजे फुलांचं दाट सत्त्वच घ्यावं लागतं. ते आम्ही तामिळनाडूतून आणतो, एका किलोला शेकडो किलो फुलं लागतात म्हणून किंमत तशी. आणि आंब्याचा रस घालून परफ्यूम होत नाही हो, आंब्याचा वास लॅक्टोन नावाच्या सुगंधी रसायनांमधून बांधायचा, पीचसारखा सायीचा गोडवा त्यातून येतो.

पहिल्या बॅचला मी एथिल माल्टॉल जास्त घातलं, म्हणजे म्हातारीच्या केसांचा तो साखरेचा वास. एसीत बसून कागदाच्या पट्टीवर घेतला तर अप्रतिम, सगळ्यांनी वाहवा केली. मग मे महिन्यात तोच लावून मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेले तर दहा मिनिटांत आंबा उडाला, तासाभरात जाई दबली आणि उरला नुसता गुळाचा पाक, मलाच मळमळायला लागलं. पन्नास बाटल्या भरून तयार होत्या, एकही विकली नाही. रडले मी त्या दिवशी.

तेव्हापासून पट्टीवर निर्णय घेणं बंद. माल्टॉल अर्ध्याहून कमी केलं, जाईला हवा मिळावी म्हणून हेडिओन हे हलक्या जाईसारख्या वासाचं रसायन घातलं, खाली चंदन आणि मऊ मस्क, म्हणजे कस्तुरीसारखा वास, आणि सहा आठवडे अंधाऱ्या कपाटात मुरवायचं. आता आधी आंबा येतो, मग जाई, आणि चार-पाच तासांनी अंगालगत धुतलेल्या सुती कपड्यासारखं काहीतरी राहतं, ते मला सगळ्यात आवडतं. माझ्या जावेची स्किन कोरडी, तिच्यावर दोन तासांत संपायचं, आता ती आधी बिनवासाचं लोशन लावते तर दुपारपर्यंत टिकतं. एक गिऱ्हाईक म्हणाल्या वास लगेच गेला, पण शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीला तो येत होता! काही जणांना काही मस्क कळतच नाहीत, नाकाची ठेवणच तशी असते.

म्हणून दुकानात आम्ही मनगटावर एकच स्प्रे देतो, घासू नका सांगतो, आणि बाजार करून परत या म्हणतो, तेव्हा आवडला तर घ्या. बरेच जण येतात. यंदाची बॅच कपाटात आहे, चवथीच्या आधी गाळून भरायचीय.