देखभालीचा रकाना: एका ग्रामीण रस्त्याच्या अंदाजपत्रकाचा माझा अनुभव

तीन किलोमीटर लांबीच्या मुरमाच्या पोचरस्त्याचे अंदाजपत्रक मी पहिल्यांदाच एकट्याने केले. ते मंजूर होऊन बरेच दिवस लोटले, तरी शेवटच्या पानावरील एका रकान्याने दिलेला मनस्ताप अजून ओसरलेला नाही. पाहणी, लांबीछेद, आडछेद आणि मोजमापे यांत काहीच अडले नाही.

अडले ते ‘वार्षिक देखभाल’ या रकान्यात. बांधकाम खर्चाची ठरावीक टक्केवारी तेथे लिहावी, अशी तपासणी करणाऱ्या कार्यालयाची रीत होती. मी टक्केवारी न लिहिता हिशेब जोडला. चार मीटर रुंदी आणि दबाईनंतर १५ सेंटीमीटर जाडी धरली, तर तीन किलोमीटरला १,८०० घनमीटर मुरूम लागतो. चाकांखाली भुगा होऊन, उन्हाळ्यात धुळीवाटे आणि पावसाळ्यात पाण्याबरोबर त्यातला २० मिलिमीटरचा थर दरवर्षी जातो असे मी धरले होते. म्हणजे वर्षाला २४० घनमीटर मुरूम गेला आणि पाच वर्षांत रस्त्यावर जेमतेम ५ सेंटीमीटरचा थर उरला. तेव्हा नवा थर द्यावाच लागणार, म्हणून तो खर्च मी पाचव्या वर्षी दाखवला आणि गटारे उपसणे, खड्डे भरणे, आडवा उतार (पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याच्या मध्यापासून कडांकडे दिलेला) पुन्हा काढणे ही कामे दरवर्षी धरली.

अंदाजपत्रक परत आले. त्यावर एवढाच शेरा होता: ‘नमुन्याप्रमाणे भरावे.’ मी खुलासा जोडून पुन्हा पाठवले, तर तोच शेरा पुन्हा आला, आणि या वेळी त्याखाली खर्च कमी करण्याची सूचनाही होती. पाचपैकी दोन मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जाण्यासाठीचे छोटे पूल) वगळल्या की खर्च बसतो, असे मला तोंडी सुचवण्यात आले. रागाच्या भरात मी दोन्ही हिशेब एकाच कागदावर शेजारीशेजारी मांडले. मोऱ्या वगळल्यावर बांधकाम खर्च उतरत होता आणि टक्केवारी त्याच्यावरच असल्यामुळे देखभालही आपोआप स्वस्त होत होती. प्रत्यक्षात मोरीखालून जायचे पाणी रस्त्यावरून वाहणार, मुरूम धुऊन नेणार आणि एखाद्या मोठ्या पावसात भरावच तोडणार होते. ज्या रस्त्याला सर्वांत जास्त डागडुजी लागणार, त्याच्याच नावावर सर्वांत कमी रक्कम पडत होती.

तो कागद घेऊन मी स्वतः कार्यालयात गेलो आणि दुपारभर बाकावर बसून राहिलो. संबंधित अधिकाऱ्यांनी तो दोन मिनिटे पाहिला व म्हणाले, “मग हे आधीच सांगायचं ना!” माझा हिशेब आणि खुलासा त्याच फाइलमध्ये, त्यांच्या कोपराखाली होते. शेवटी रकान्यात त्यांची टक्केवारी राहिली, माझा हिशेब परिशिष्ट म्हणून जोडला गेला आणि पाचही मोऱ्या वाचल्या. परिशिष्ट पुढे कोणी उघडेल याची मला खात्री नाही, पण मोऱ्यांचा आनंद मी लपवत नाही.

असे काम करणाऱ्याने रकान्याशी भांडत बसू नये, त्यात हवे ते लिहून हिशेब पहिल्याच खेपेला परिशिष्टात द्यावा. मुरमाचा दर सैल मापाचा आहे की दबाईनंतरचा, हे दरविश्लेषणात स्पष्ट लिहावे, कारण तीस टक्के फुगवटा धरला तर १,८०० घनमीटरसाठी २,३४० घनमीटर सैल मुरूम आणावा लागतो, आणि सहा घनमीटरच्या गाडीच्या खेपा ३०० वरून ३९० वर जातात. आडवा उतार चार ते सहा टक्के ठेवावा. डांबरी रस्त्याइतका सपाट ठेवला तर पाणी साचून खड्डे पडतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती. खाणीपासूनचे अंतर मी नकाशावर पट्टी ठेवून चार किलोमीटर काढले होते. मुरमाची गाडी मात्र ओढ्याला वळसा घालून सात किलोमीटर येणार होती, आणि ही चूक कार्यालयाने एकदाही पकडली नाही. ती मीच तिसऱ्या खेपेला दुरुस्त केली.