तुम्ही विचारलंत म्हणून : सण आज की उद्या?

सणाच्या आठवडाभर आधी हा प्रश्न हटकून येतो. कॅलेंडरात दसरा शनिवारी दिलाय, पण त्याच चौकटीत तिथी छापलीय नवमी. दशमी दिसते रविवारी. मग चूक छापणाऱ्याची की वाचणाऱ्याची?

१२ ऑक्टोबर २०२४ ला अगदी हेच झालं होतं, आणि चूक कुणाचीच नव्हती. चौकटीत छापलेली तिथी ही त्या दिवशीच्या सूर्योदयाची तिथी असते. सण मात्र दर वेळी सूर्योदयाकडे बघत नाही. बहुतेक घरांतला घोळ एवढ्यावरच होतो.

तिथी म्हणजे घड्याळातला दिवस नव्हे. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी झाली, मग तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असोत की पहाटेचे. चंद्र पृथ्वीच्या जवळ असला की भरभर पळतो, लांब असला की रेंगाळतो, म्हणून कुठली तिथी २० तासांच्या आत उरकते तर कुठली २६ तासांच्या पुढे जाते. लांबलेली तिथी दोन सूर्योदय पाहते, ती वृद्धी. एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्याच्या आधी संपते, तिचा क्षय. क्षय झालेली तिथी ‘गायब’ झाली असं लोक म्हणतात. ती झालेली असते, फक्त तिच्या वाट्याला सूर्योदय आलेला नसतो.

आता मुद्द्याचं. प्रत्येक सणाची, व्रताची स्वतःची वेळ असते आणि त्या वेळेला ती तिथी चालू असावी लागते. गणेश चतुर्थी आणि रामनवमीला मध्याह्न, दसऱ्याला अपराह्ण, लक्ष्मीपूजनाला प्रदोष म्हणजे सूर्यास्तानंतरचा काळ, महाशिवरात्र आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्र, संकष्टीला चंद्रोदय. म्हणूनच संकष्टी कित्येकदा तृतीया छापलेल्या चौकटीत असते. सकाळी तृतीया, रात्री चंद्र उगवताना चतुर्थी.

मध्याह्न-अपराह्ण मोजायला पंचांगाचीही गरज नाही. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे पाच सारखे भाग करायचे : प्रातः, संगव, मध्याह्न, अपराह्ण, सायाह्न. दिवस सहा ते सहा असा बारा तासांचा धरला तर एक भाग २ तास २४ मिनिटांचा. मध्याह्न १०:४८ ते १:१२, अपराह्ण तिथून ३:३६ पर्यंत. आता तो दसरा तपासून बघा. दशमी शनिवारी सकाळी १०:५८ ला लागली आणि रविवारी ९:०८ ला संपली. रविवारच्या अपराह्णाला दशमी शिल्लकच नव्हती, शनिवारी पूर्ण होती. आपट्याची पानं शनिवारीच वाटायची होती.

तेव्हा चौकट वाचताना तिथीच्या नावाशेजारची वेळ आधी बघा. ती तिथी संपण्याची वेळ असते, सुरू होण्याची नव्हे. सुरुवात हवी असेल तर आदल्या तिथीची समाप्ती बघायची. काही पंचांगांत २५:४० असा आकडा दिसतो, ती छपाईची चूक नाही. त्यातून २४ वजा करा. मध्यरात्रीनंतरचे १:४०, पण दिवस अजून आदलाच, कारण पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. जुन्या पंचांगात घटी-पळं असतात. एक घटी २४ मिनिटांची, मोजायची सूर्योदयापासून.

फोनवर फिरणारे ‘मुहूर्त’ बहुधा दुसऱ्याच गावचे असतात. तिथी संपण्याची वेळ भारतभर एकच, पण सूर्योदय आणि चंद्रोदय गावागणिक बदलतात. मुंबई आणि नागपूर यांच्यातच साधारण २५ मिनिटांचा फरक पडतो. ॲपमध्ये गाव बदललं नसेल तर ते भलत्याच शहराचा चंद्रोदय दाखवतं आणि संकष्टीला माणसं ताट वाढून गच्चीवर चंद्राची वाट बघत बसतात. परदेशातल्या मुलांनी तर इथली तारीख उचलूच नये. तिथल्या गावाचं पंचांग काढावं.

लक्ष्मीपूजनाचं प्रकरण मात्र खरंच अवघड आहे. २०२४ मध्ये अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३:५२ ला लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६:१६ ला संपली. दोन्ही संध्याकाळी अमावास्या होती, दुसऱ्या दिवशी मुंबईत सूर्यास्तानंतर जेमतेम दहा मिनिटं. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर धरली, उत्तरेत बऱ्याच ठिकाणी ३१ ऑक्टोबर. २०२५ मध्ये तर २१ ऑक्टोबरला मुंबईत अमावास्या सूर्यास्ताआधीच, ५:५४ ला संपली, तरी आपल्याकडे पूजन २१ लाच झालं. ती अमावास्या २६ तासांहून मोठी होती, आणि अशा वेळी नुसती संध्याकाळ न बघता तिथीची वाढही विचारात घेतात. इथे घरच्या गणिताने निर्णय करू नये. घरात वर्षानुवर्षं जे पंचांग चालतं ते धरावं आणि फराळाला बसावं. एकाच घरात दोन पंचांगं मानली की भांडण ठरलेलंच.

श्राद्धाचंही विचारता, म्हणून तेवढं सांगतो. मृत्यूच्या क्षणी चालू असलेली तिथी टिपून ठेवायची, त्या दिवशीच्या चौकटीतली नव्हे. दाखल्यावर तारीख आणि वेळ असते, त्यावरून तिथी काढता येते. वार्षिक श्राद्ध ती तिथी ज्या दिवशीच्या अपराह्णात असेल त्या दिवशी. म्हणजे कधी कधी चौकटीत आदली तिथी छापलेली असताना.

आणि सण ‘यंदा उशिरा’ का येतात? बारा चांद्रमास ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी सण ११ दिवस मागे सरकतात आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिकमास येऊन ते पुन्हा पुढे ढकलतो. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक, १७ मे ते १५ जून. म्हणून २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आलेले गणपती २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. हा हिशेब १९ वर्षांनी जवळजवळ जुळतो. तुमचा तिथीने वाढदिवस आणि तारखेने वाढदिवस १९ व्या, ३८ व्या आणि ५७ व्या वर्षी एकाच दिवशी, फार तर एखाद्या दिवसाच्या फरकाने येतो. आजीचा येतो का, जुन्या कॅलेंडरात बघा.