मैफलीचे फोटो काढायला लेन्स कुठली घ्यायची?

खूप जण विचारतात की सवाई गंधर्वसारख्या मैफलीत फोटो काढायचेत (परवानगी आधी काढा हां) तर लेन्स कुठली घेऊ, तर माझं सरळ म्हणणं, झूमचा आकडा नंतर, आधी अपर्चर बघा, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक (एफचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं). स्टेजवरचा उजेड आपल्या डोळ्याला भरपूर वाटतो पण कॅमेऱ्याला तो पुरत नाही आणि फ्लॅश तर मारायचाच नाही, गाणाऱ्याची तंद्री मोडते.

बजेट कमी असेल तर डोळे झाकून ८५ एमएम एफ १.८ घ्या. एफ २.८ पेक्षा जवळजवळ अडीचपट उजेड आत येतो, म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) ६४०० च्या जागी २५०० वर भागतं. आलापीत गायक डोळे मिटून बसलेला असतो तेव्हा १/१२५ सेकंदाचा शटर स्पीड चालतो, पण द्रुत सुरू झालं की तबलजीची बोटं १/२५० लाही धूसर येतात आणि मला ती तशीच आवडतात, चेहरा शार्प आणि बोटं सुटलेली, त्यात लय दिसते!

लांब बसणार असाल तर मात्र ७०-२०० एमएम एफ २.८ झूमला पर्याय नाही. महाग आहे, जड आहे, खांदा भरून येतो, म्हणून विकत न घेता भाड्याने आणा.

सायलेंट शटर लावा, पण एलईडी लाइट असतील तर आधी टेस्ट शॉट घेऊन फोटोत पट्टे येतायत का बघा, येत असतील तर मेकॅनिकल शटरवर या आणि त्याचा आवाज होतो म्हणून समेवर दाद मिळते तेव्हाच क्लिक करा.